चर्चच्या उपासनेचा साउंड कसा सांभाळावा: रिकाम्या चर्चमधल्या टाळीपासून केबल गुंडाळेपर्यंत

मंडळीत साउंडची जबाबदारी बहुधा अचानक अंगावर येते. आधी बसणारा तरुण नोकरीसाठी गाव सोडतो आणि पुढच्या रविवारी मिक्सरच्या कपाटाची किल्ली युवक संघातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असते. शिकवायला कुणी नसतं. कोणत्या बटणाला हात लावायचा नाही, एवढंच सांगून ठेवलेलं असतं. हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. डोळ्यांपुढे धरली आहे ती आपली नेहमीची मराठी मंडळी: दगडी किंवा विटांचं जुनं चर्च, दीडशे-दोनशे माणसं, पुलपीटवर एक माइक, चार-पाच गायक, हार्मोनियम, तबला, कीबोर्ड, गिटार, बारा-सोळा चॅनलचा मिक्सर आणि भिंतींवर दोन-चार स्पीकर.

कामाला लागण्याआधी दोन प्रश्न मनाशी पक्के करा. शेवटच्या बाकावरच्या आजींना शास्त्रपाठातला प्रत्येक शब्द कळला का? आणि गीत चालू असताना मंडळीला स्वतःचं गाणं ऐकू येतंय का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर साउंड चांगला, मग यंत्रं कितीही साधी असोत. उपासनेतलं खरं गायन मंडळीचं असतं. पुढे उभे असलेले चौघे-पाच जण चाल धरून देतात. ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाने रचलेली पदं आपण आजही म्हणतो, आणि ती शब्द धरून म्हणायची पदं आहेत. डग्गा दणदणतोय आणि शब्द गिळले जाताहेत, असं झालं तर त्या पदाचं काही उरत नाही. पुढे जे काही सांगितलं आहे ते सगळं या दोन प्रश्नांना धरून आहे.

आधी इमारत ऐका

मिक्सर चालू करण्याआधी रिकाम्या चर्चमध्ये मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा आणि आवाज विरेपर्यंत मनात सेकंद मोजा. जाड दगडी भिंती, उंच छप्पर, शहाबादी फरशी आणि लाकडी बाकं, यांपैकी काहीच आवाज पुरेसा शोषत नाही. टाळी तीन-तीन सेकंद फिरत राहते. संगीताला हे थोडं मानवतं, बोलण्याला अजिबात नाही. बोलणं स्वच्छ कळायला हा काळ एका सेकंदाच्या आसपास असावा लागतो. तो लांबला की आधीच्या अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षरावर पडतं.

हे गणित वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकाने मांडलं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळेना, म्हणून ते काम त्याच्याकडे आलं आणि शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून त्याने मोजमाप केलं. त्याचं सूत्र सोपं आहे: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा आणि एकूण शोषणाने, म्हणजे खोलीतलं सगळं मिळून किती आवाज गिळतं त्या आकड्याने, भागा. समजा, चर्च २० मीटर लांब, १० मीटर रुंद, ८ मीटर उंच आहे. घनफळ झालं १,६००. रिकामं असताना शोषण ७५ धरलं तर नादकाळ, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, येतो जवळजवळ साडेतीन सेकंद. आता दीडशे माणसं बसली. माणशी सुमारे ०.४५ शोषण धरलं तर एकूण १४२ होतं आणि नादकाळ उतरतो १.८ सेकंदांवर. म्हणजे तुमच्या चर्चमध्ये आवाज शोषणारी सर्वांत मोठी वस्तू म्हणजे तुमची मंडळी. शनिवारी संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये साउंड घुमतोय म्हणून घाबरून सगळी बटणं पिळू नका. रविवारी लोक बसल्यावर तो बराच सुकतो.

यावरून पहिला नियम निघतो. घुमणाऱ्या चर्चमध्ये शब्द कळत नसतील तर आवाज वाढवून काही साधत नाही, कारण शब्दाबरोबर घुमाराही तितकाच वाढतो. उपाय तीनच: माइक तोंडाच्या जवळ आणा, उघडे माइक कमी करा, स्पीकरचं तोंड माणसांकडे वळवा. चौथा उपाय पैशाचा आहे. मागच्या भिंतीवर जाड, चुण्या घातलेले पडदे लावा, मधल्या वाटेवर सतरंजी घाला. पातळ पडद्याने मात्र वरचा चकचकीत भाग तेवढा जातो आणि खालचा घुमार तसाच राहतो. त्यावर खर्च करू नये.

दुसरी गोष्ट पंख्यांची. बोलणं आरामात कळायला ते भोवतालच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल वर हवं. मे महिन्यात आठ पंखे पाचवर फिरत असतील तर पाळकसाहेबांना तेवढं वर काढता काढता माइक शिट्टी मारायला लागतो. पुलपीटच्या थेट वरचा पंखा उपासनेत बंद ठेवायची परवानगी वडीलमंडळींकडून एकदाच मागून घ्या. पंख्याचा वारा थेट माइकवर येतो आणि स्पीकरमधून घरघर येत राहते. माइकवर स्पंजची टोपी घातली तरी ती पुरती जात नाही. कोकणात पत्र्याच्या छपराखाली उपासना होत असेल तर जुलैतल्या सरीपुढे कोणताही स्पीकर टिकत नाही. अशा वेळी सर ओसरेपर्यंत एखादं गीत जास्त घ्यावं, असं उपासना चालवणाऱ्यांशी आधीच ठरवून ठेवा.

स्पीकर कुठे आणि कसे

बहुतेक चर्चमध्ये स्पीकर जिथे खिळा सापडला तिथे टांगलेले असतात, आणि अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. तीन गोष्टी तपासा. स्पीकर माइकच्या पुढे, म्हणजे मंडळीच्या बाजूला हवेत. गायकांच्या पाठीमागे असतील तर फीडबॅक, म्हणजे माइकची शिट्टी, ठरलेला. उंची बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा बरीच वर हवी आणि तोंड खाली झुकलेलं हवं. स्पीकरच्या भोंग्याचा रोख साधारण मागच्या बाकांवरच्या माणसांच्या डोक्यांवर यावा. तो समोरच्या भिंतीवर किंवा छपरावर गेला तर तुम्ही घुमाराला खतपाणी घालताय. मोबाइलचा टॉर्च स्पीकरला चिकटवून प्रकाश कुठे पडतो ते पाहिलं की रोख लगेच कळतो.

घुमणाऱ्या इमारतीत उभे, सडपातळ कॉलम स्पीकर मोठ्या बॉक्सपेक्षा उपयोगी पडतात. त्यांचा आवाज आडवा पसरतो, वर-खाली कमी जातो, त्यामुळे छपराला कमी लागतो. जुन्या आहुजा कॉलमवर वर्षानुवर्षं चालणारी चर्च आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांतलं बोलणं अनेकदा नव्या बारा इंची बॉक्सपेक्षा स्पष्ट असतं, त्यामुळे ते काढून टाकायची घाई करू नका.

चर्च लांबट असेल तर अर्ध्यावर स्पीकरची दुसरी जोडी लागते आणि तिला डिले, म्हणजे आवाजाला थोडा उशीर, द्यावाच लागतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. वायरीतून मात्र तो लगेच पोहोचतो. पुढचे आणि मधले स्पीकर यांत १५ मीटर अंतर असेल तर मधल्यांना सुमारे ४४ मिलिसेकंद उशीर द्या, वर आणखी १० ते १५ मिलिसेकंद. हे वरचे मिलिसेकंद कशाला, तर ज्या दिशेने आवाज आधी पोहोचतो तिकडूनच तो येतोय असं आपल्या कानाला वाटतं. हेल्मुट हास याने १९४९ मध्ये हे दाखवून दिलं. मग मागच्या बाकावरच्या माणसाला आवाज जवळच्या स्पीकरमधून मिळतो, तरी पाळक समोरूनच बोलताहेत असं वाटतं. डिले नसेल तर त्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

वीज

इथे कंजुषी आणि धाडस दोन्ही नको. मिक्सर, अॅम्प्लिफायर, कीबोर्ड, लॅपटॉप या सगळ्यांना एकाच बोर्डावरून, एकाच फेजवरून वीज द्या. अर्थिंग वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, शक्यतो उन्हाळ्यात, कारण माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. स्पीकरमधून ‘हूं’ असा सतत आवाज येत असेल तर तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा असतो. तो घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कुणीतरी हमखास देतं. तो कधीही मानू नका. ओठ माइकला लागलेल्या गायकाच्या जिवाशी तो खेळ आहे. हमिंगवर खरा इलाज डीआय बॉक्स आहे, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची छोटी डबी: कीबोर्ड, गिटार, लॅपटॉप यांची लाइन डीआयमधून घ्या, त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा खटका दाबा आणि मिक्सरपर्यंत तीन पिनांची कॅनन केबल वापरा.

चालू करताना आधी मिक्सर, सर्वांत शेवटी अॅम्प्लिफायर. बंद करताना बरोबर उलटं. नाहीतर ‘धप्प’ असा दणका बसतो आणि भोंग्यातलं नाजूक कॉइल एखाद्या दिवशी जातं. डिजिटल मिक्सर असेल तर त्याला छोटा यूपीएस हवाच. लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत काही सेकंद जातात, पण मिक्सर पुन्हा उभा राहायला त्याहून जास्त वेळ लागतो आणि तोवर प्रार्थना निघून गेलेली असते.

माइक: कोणता, कुठे, किती अंतरावर

पैसे थोडे असतील तर ते आधी माइक आणि केबलवर घाला, मिक्सर नंतर. चांगला डायनॅमिक माइक, उदाहरणार्थ शूअरचा एसएम ५८, आठ चॅनलच्या साध्या मिक्सरवरही चांगलाच वाजतो. स्वस्त माइक मात्र महागड्या मिक्सरलाही सुधारता येत नाही.

अंतराचं गणित ध्यानात ठेवा: अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. माइक तोंडापासून ५ सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरवर गेला की १२ डेसिबल गेले, आणि ते भरून काढायला गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये घेतानाच वाढवणारं बटण) वाढवला की चर्चचा सगळा घुमार आत येतो. म्हणून गायकांना सांगा, माइक तोंडापासून तीन-चार बोटांवर धरायचा, जाळी मुठीत झाकायची नाही, आणि वरच्या सुरांत थोडा दूर न्यायचा.

पुलपीटवर मान वळणारा गूजनेक माइक असेल तर तो हनुवटीच्या उंचीवर, तोंडाकडे रोखलेला आणि एका वितीच्या आत असावा. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (मिक्सरने माइकच्या केबलमधूनच दिलेली वीज) लागतो. मिक्सरवरचं ते बटण चॅनल म्यूट असतानाच दाबा. पुलपीटवर शोभेसाठी दोन माइक शेजारी शेजारी लावायची पद्धत सोडून द्या. दोन्हींत आवाज किंचित पुढे-मागे पोहोचतो आणि बोलणारा मान हलवेल तसा रंग बदलत राहतो. पाळकसाहेब फिरत बोलत असतील तर गालाजवळ येणारा हेडसेट माइक द्या. कॉलरचा माइक छातीवर लागतो, तोंडापासून लांब, आणि घुमणाऱ्या चर्चमध्ये तो फार त्रास देतो.

शास्त्रपाठ वाचणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. रविवारी वाचायला येणारी व्यक्ती माइकला सरावलेली नसते. एखाद्या मावशी येतात, शास्त्र उघडतात, चष्मा सावरतात आणि मान खाली घालून थेट पानाशी बोलायला लागतात. माइक त्यांच्या कपाळासमोर राहतो. उपासनेआधी दोन मिनिटं त्यांना पुलपीटपाशी न्या, शास्त्र जरा वर धरायला सांगा, माइक खाली ओढून द्या आणि एक वचन मोठ्याने वाचून घ्या. या दोन मिनिटांनी जे साधतं ते मिक्सरवरच्या कोणत्याही बटणाने साधत नाही. आपल्या उपासनेतला आणखी एक खास अडथळा म्हणजे ‘प’. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, प्रभू, प्रार्थना: प्रत्येक ‘प’बरोबर तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि स्पीकर ‘भुप्’ करतो. माइक तोंडासमोर सरळ न ठेवता थोडा बाजूला ठेवून तोंडाकडे वळवा, स्पंजची टोपी घाला आणि खालचा भाग कापणारं लो-कट बटण दाबा. तिन्ही केलं की त्रास संपतो.

हार्मोनियमचा आवाज वरच्या जाळीतून आणि पट्ट्यांच्या बाजूने येतो. भात्याच्या बाजूला हवेची सळसळ जास्त असते. माइक वरून, जाळीच्या एक वीत वर, पट्ट्यांकडे झुकलेला ठेवा. वाजवणारी व्यक्ती गातही असेल तर आधी तिच्या गाण्याच्या माइकमध्ये पेटी किती येते ते ऐका. पुष्कळदा दुसरा माइक लागतच नाही. तबल्याला एकच माइक देता आला तर तो दोन्हींच्या मधोमध, वितीभर वर. दोन देता आले तर तबल्याच्या चाटेकडे एक आणि डग्ग्याकडे एक. डग्ग्याचा लो-कट ६० हर्ट्झपर्यंत खाली ठेवा, बाकी सगळ्यांचा १०० किंवा त्याहून वर. टाळ आणि खंजिरीला माइक देऊच नका. दगडी चर्चमध्ये त्या सगळ्यांवर मात करतात.

गेन लावायची पद्धत

हे एकदा नीट जमलं की पुढचं काम अर्धं होतं. एका चॅनलला धरा, त्याचा फेडर (वर-खाली सरकणारी आवाजाची दांडी) पूर्ण खाली ठेवा, गेन शून्यावर आणा आणि तो एकच चॅनल मीटरवर दाखवणारं पीएफएल किंवा सोलोचं बटण दाबा. गायकाला उपासनेत गाणार तितक्याच जोरात गायला सांगा. ‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ उपयोगाचं नाही, कारण ते माणूस पुटपुटतो आणि गाताना दुप्पट जोर लावतो. गीताचं कडवं म्हणायला लावा. गेन हळूहळू वाढवत मीटर पाहा. साध्या मिक्सरवर मीटर शून्याच्या आसपास खेळावं आणि लाल दिवा कधीही लागू नये. डिजिटलवर सरासरी उणे १८ च्या जवळपास आणि उंच सुरांत उणे १० पर्यंत. मग सोलो सोडा आणि फेडर शून्याच्या खुणेकडे न्या. सगळ्या चॅनलचं असं झालं की उपासनेत फेडर शून्याच्या आजूबाजूलाच फिरतील, आणि तिथे बोटाच्या थोड्या हालचालीने बारीक फरक करता येतो. गेनला उपासना चालू असताना हात लावू नका, कारण त्याबरोबर मॉनिटरमधला, म्हणजे गायकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधला, आवाजही बदलतो आणि गायक बावचळतात.

इक्यू: आधी कापा

इक्यू म्हणजे आवाजातला जाड-बारीक भाग वेगवेगळा कमी-जास्त करणारी बटणं. बहुतेक मिक्सरवर बेस आणि ट्रेबल दोन्ही वर चढवलेले सापडतात. ते मध्यावर आणा आणि नव्याने सुरुवात करा. गाण्याच्या आणि बोलण्याच्या प्रत्येक माइकला लो-कट: गाण्याला १०० हर्ट्झ, बोलण्याला १२०. आवाज हंड्यातून आल्यासारखा वाटत असेल तर २०० ते ४०० हर्ट्झमध्ये तीन-चार डेसिबल कापा. दगडी चर्चमध्ये हे जवळजवळ प्रत्येक पुरुषी आवाजाला लागतं. शब्द उमटत नसतील तर २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये किंचित वाढवा, कारण क, च, ट, त यांची धार तिथे असते. ‘स’ आणि ‘श’ कानात टोचत असतील तर ६ ते ८ हजारांत कमी करा. डोळे मिटून ऐका आणि एका वेळी एकच बटण फिरवा.

इकोबद्दल माझं मत ठाम आहे. मिक्सरवरचा इको किंवा रिव्हर्ब संदेशाच्या, शास्त्रपाठाच्या आणि प्रार्थनेच्या माइकवर पूर्ण बंद असावा, कायमचा. मैदानातल्या सभांमुळे आपल्याकडे इको म्हणजे भारदस्तपणा असं एक समीकरण बसलं आहे. जी इमारत स्वतःच दोन सेकंद घुमते तिच्यावर आणखी इको चढवणं म्हणजे वचन ऐकायला आलेल्या माणसाला ते ऐकू न देणं. गायकांना थोडा रिव्हर्ब हवाहवासा वाटला तर तो फक्त गाण्याच्या माइकवर द्या आणि दोन गीतांच्या मध्ये म्यूट करा.

फीडबॅक

स्पीकरचा आवाज माइकमध्ये जातो, पुन्हा स्पीकरमधून येतो, आणि असं फिरत फिरत शिट्टी होते. पहिला उपाय माइक बंद करणं हाच. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधी मिळणारी जागा ३ डेसिबलने घटते. एका माइकऐवजी चार उघडे म्हणजे ६ डेसिबल गेले, आठ म्हणजे ९. संदेशाच्या वेळी गायकांचे पाच माइक, तबल्याचे दोन आणि हार्मोनियमचा एक उघडा ठेवून पुलपीटचा आवाज पुरत नाही म्हणणं, हे फार चर्चमध्ये चालतं. म्यूट करा, फरक तिथल्या तिथे कळेल.

दुसरा उपाय शनिवारी करायचा. लोक नसताना मुख्य आवाज हळूहळू वाढवा. जिथे पहिली शिट्टी सुरू होईल ती पट्टी ग्राफिक इक्यूवर शोधून ३ डेसिबल खाली आणा. घोगरी ‘हू’ २०० ते ५०० हर्ट्झमध्ये असते, टोकदार शिट्टी २ ते ४ हजारांत. अशा तीन-चार पट्ट्या कापल्या की थांबा. त्याहून जास्त कापलं की आवाजाचा जीव जातो, आणि मग दोष स्पीकरच्या किंवा माइकच्या जागेत आहे असं समजा.

गायकांना मॉनिटर लागतो, पण तो माइकच्या आंधळ्या बाजूला ठेवावा. एसएम ५८ सारखा कार्डिऑइड माइक पाठीमागून जवळजवळ ऐकत नाही, म्हणून मॉनिटर त्याच्या बरोबर मागे. सुपरकार्डिऑइड असेल तर त्याची आंधळी बाजू मागे तिरकी, दोन्हीकडे साधारण १२० अंशांवर असते. मॉनिटरसाठी प्री-फेडर ऑक्स वापरा, म्हणजे फेडर हलवला तरी न बदलणारी मिक्सरची वेगळी लाइन. आणि प्रत्येकाला ‘माझा आवाज वाढव’ असं हवं असतं, तेव्हा आधी विचारा, कमी काय करू? तबला कमी केला की बऱ्याचदा गायकाला स्वतःचा आवाज मिळून जातो.

उपासना चालू असताना

क्रमपत्रिका छापील हातात हवी आणि तिच्यावर प्रत्येक बाबीसमोर कोणता माइक उघडायचा ते पेन्सिलीने लिहिलेलं हवं. पुढची व्यक्ती बाकावरून उठली की तिचा फेडर अर्धा वर असला पाहिजे. तिने तोंड उघडल्यावर नाही. प्रार्थनेत आवाज हळू होतो, त्यामुळे तिथे दोन-तीन डेसिबल आधीच वर घ्या. संदेशात बोलणारा कधी कुजबुजतो, कधी गर्जतो. कंप्रेसर (मोठा झालेला आवाज आपोआप दाबणारी सोय) असेल तर तीनास एक प्रमाणात, ४-५ डेसिबल दाबेल एवढाच लावा. प्रभुभोजनाच्या वेळी पाळक मेजाकडे वळतात आणि पुलपीट सोडतात. मेजावर वेगळा माइक आहे का आणि तो चालू आहे का, हे त्याआधीच्या गीतातच पाहून घ्या. शब्बाथ शाळेची मुलं वचनं म्हणायला येतात तेव्हा एक माइक हातोहात फिरवण्यापेक्षा दोन माइक स्टँडवर मुलांच्या उंचीला लावा.

मंडळी गाते तेव्हा तुमचा कान समोरच्या गायकांवर नको, बाकांवर हवा. पहिल्या कडव्याला चाल नीट कळेल एवढे गायक वर ठेवा. धृपद दुसऱ्यांदा आलं आणि लोकांनी सूर पकडला की गायक दोन-तीन डेसिबल खाली आणा. मंडळी लगेच जोराने गायला लागते, कारण तिला स्वतःचा आवाज ऐकू येतो. शेवटच्या कडव्याला कीबोर्ड आणि तबलाही खाली घेऊन पाहा. साउंडचं पूर्ण सुख मला या एका गोष्टीत मिळतं.

मोबाइलवरचं आवाज मोजणारं अॅप अगदी अचूक नसलं तरी अंदाजाला चालतं. बोलणं बाकांवर ६५ ते ७० डेसिबल आणि गीत ८० ते ८५ च्या आत असावं. कानांच्या सुरक्षेसाठी ८५ डेसिबल आठ तास ही मर्यादा धरली जाते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो; ९४ वर तो एकच तास उरतो. पुढच्या बाकांवर लहान मुलं आणि स्पीकरखाली बसणारे वयस्क असतात, हे विसरू नका. मध्येच उठून एकदा मागच्या कोपऱ्यात आणि एकदा पहिल्या बाकाजवळ जाऊन ऐका. मिक्सर माळ्यावर किंवा बाजूच्या खोलीत असेल तर हे आणखी गरजेचं, आणि तो खाली, मंडळीत आणायची मागणी बैठकीत लावून धरा.

मोबाइलवरून प्रक्षेपण करत असाल तर मुख्य आवाज जसाच्या तसा पाठवू नका. चर्चमध्ये तबला न लावताच ऐकू येतो, म्हणून मिक्सरमध्ये तो कमी असतो आणि घरी ऐकणाऱ्याला मिळतच नाही. त्यासाठी वेगळा ऑक्स घ्या आणि मंडळीकडे तोंड केलेले एक-दोन माइक फक्त त्या ऑक्सवर सोडा, म्हणजे आजारी माणसाला घरी बसून ‘आमेन’ ऐकू येतं. चित्र आवाजाच्या मागे पडत असेल तर त्या ऑक्सला तेवढा डिले द्या.

नाताळ, ३१ डिसेंबर आणि मैदान

बाहेर लाउडस्पीकर लावायचा तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ बंद सभागृहाबाहेर लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातले ठरावीक, जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकतं. नाताळच्या किंवा वर्षअखेरच्या उपासनेसाठी तुमच्या जिल्ह्यात कोणते दिवस धरले आहेत ते डिसेंबर उजाडायच्या आत विचारून घ्या. दवाखाना, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्रात येऊ शकतो, आणि आपली पुष्कळ मिशनची आवारं अशा पट्ट्यातच आहेत. मांडवात घुमार नसतो, म्हणून तिथे चर्चमधली सेटिंग चालत नाहीत. बेस कमी पडल्यासारखा वाटतो आणि लोक तो वाढवतात. शेजाऱ्यांच्या घरात शिरतो तो हाच बेस, त्यामुळे लो-कट तिथेही काढू नका.

उपासना संपल्यावर

आशीर्वाद झाला, लोक हस्तांदोलन करताहेत, तेव्हाच सगळं ओढून काढायला लागू नका. आधी सगळे चॅनल म्यूट, मग अॅम्प्लिफायर बंद, मग मिक्सर. कॉर्डलेस माइकचे सेल काढून ठेवा. आत राहिले की पाझरून पत्री खातात. पुढच्या रविवारी नवे किंवा पूर्ण चार्ज केलेले घाला, अर्धे वापरलेले नाही. केबल कोपराभोवती पीळ देत गुंडाळू नका, आतली तार तुटते. एक वेढा सरळ आणि एक उलटा घेत गोल करा आणि टोकाला चिकटपट्टीवर नाव लिहा. माइकच्या जाळ्या महिन्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मगच लावा. जून ते सप्टेंबर माइकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि मिक्सरवर प्लॅस्टिकऐवजी सुती कापड घाला, कारण प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडून राहते. खरखर करणारी केबल त्याच दिवशी वेगळी काढून तिला लाल चिकटपट्टी लावा. तशीच पेटीत गेली तर पुढच्या रविवारी ती नेमकी पुलपीटच्या माइकला लागेल.